छोट्या गाडीची चासी ताठ करणाऱ्या ब्रेस: त्या काय करतात आणि घरी कशा बसवाव्यात

बेळगावच्या कुंद्याचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा झाकणाला चिकटपट्टी लावून बंद केला आणि दोन्ही हातांत धरून पिळून पाहिला, तर तो फारसा दाद देत नाही. तीच चिकटपट्टी सोडवून झाकण काढून टाकले आणि पुन्हा पिळले, की समोरासमोरचे कोपरे सहज वर-खाली होतात. पुठ्ठा तोच असतो. फरक एवढाच, की बंद पेटी आता उघडी झालेली असते. छोट्या गाडीला खाली-वर लोखंडी ब्रेस, म्हणजे आधाराचे दांडे, का लावतात, त्या कुठे लावल्या तर उपयोग होतो आणि कुठे लावल्या तर केवळ वजन वाढते, हे सर्व या डब्यावरून समजते.

आधी एक शब्द स्पष्ट करायला हवा. आपण गॅरेजमध्ये सर्रास चासी म्हणतो, पण ट्रकच्या खाली असतात तशा दोन लांब लोखंडी तुळया आजच्या छोट्या गाडीखाली नसतात. पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना स्पॉट वेल्डिंगने जोडून जी काया तयार होते, तीच चासीचेही काम करते. भार पेलणाऱ्या अशा कायेची गाडी लान्सिया कंपनीने १९२२ साली लॅम्ब्डा या नावाने लोकांपुढे आणली आणि पुढे जगभरातील छोट्या गाड्यांनी हाच मार्ग धरला. आपल्याकडे १९८३ च्या अखेरीस आलेली मारुती ८०० ही याच जातीची गाडी होती. तेव्हा या लेखात चासी म्हणजे ही पत्र्याची काया असे समजावे.

पोकळ बंद नळीची ताकद किती असते, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. २० मिलिमीटर त्रिज्येची आणि १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची गोल नळी घेतली आणि तिला लांबीभर एक चीर पाडली, तर पिळाला होणारा तिचा विरोध सुमारे १,२०० पटींनी घटतो. चीर केसाएवढी असली तरी हाच परिणाम होतो, कारण पिळताना पत्र्यातून गोल गोल फिरणारा ताण त्या चिरेपाशी अडतो. गाडीची काया म्हणजे अशी एक मोठी नळी समजली, तर दरवाजे, डिकी आणि इंजिनाचा कप्पा या तिला पाडलेल्या मोठमोठ्या चिरा होत. पुढची काच रबराच्या पट्टीत नुसती बसवण्याऐवजी आता चिकटद्रव्याने पत्र्याला पक्की चिकटवतात, त्यामुळे ती काचही थोडाफार भार घेते. मात्र हॅचबॅकची डिकी उंबरठ्यापासून छतापर्यंत उघडी असते आणि तिथे मदतीला काहीही नसते.

दुसरी गोष्ट चौकोनाची. चार फळ्यांचा चौकोन कोपऱ्यांत कितीही खिळे मारून जोडला, तरी तो तिरका होऊन समांतरभुज चौकोन होऊ शकतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला शेताच्या फाटकाला कर्णावर एक तिरकी पट्टी मारलेली असते ती याच कारणाने. ती निघाली की एका पावसाळ्यात फाटक जमिनीला टेकते. त्रिकोणाला मात्र बाजूंची लांबी न बदलता आकार बदलता येत नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात ज्या सायकलींचे दुकान काढले, त्या सायकलींचा सांगाडा हा पाठीला पाठ लावलेल्या दोन त्रिकोणांचाच असतो, आणि म्हणूनच बोटाएवढ्या जाड नळ्या पोत्यासकट माणसाला वाहून नेतात.

या दोन गोष्टींतून ब्रेसची व्याख्या निघते. ब्रेस म्हणजे गाडीच्या कायेवरचे दोन बिंदू एकमेकांपासून दूर जाऊ नयेत किंवा जवळ येऊ नयेत यासाठी त्यांच्यामध्ये टाकलेला दांडा. ती आपण जोडलेल्या दोन बिंदूंनाच धरते, तिसऱ्याला नाही. म्हणून ब्रेस घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्न असा, की माझ्या गाडीतील कोणते दोन बिंदू हलतात आणि ते हलल्याने चाकाचे काही बिघडते का. इथे ताठपणा आणि मजबुती यांत गल्लत करू नये. काच ताठ असते पण मजबूत नसते. नायलॉनचा दोर मजबूत असतो पण ताठ नसतो. ब्रेसचे काम ताठपणाचे आहे, आणि ब्रेस लावली म्हणून गाडी अपघातात अधिक सुरक्षित झाली असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये. पुढचा भाग कंपनीने कसा चेपायचा हे ठरवून बनवलेला असतो आणि त्यात आपण टाकलेला दांडा हिशेबात धरलेला नसतो.

आता हलणारे बिंदू पाहू. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात विकसित केलेल्या या रचनेत शॉकअप आणि स्प्रिंग यांचा एकच खांब असतो. त्याचे खालचे टोक चाक ज्यावर बसते त्या लोखंडी आधाराला, म्हणजे नकलला, आणि वरचे टोक थेट बॉनेटखालच्या पत्र्याच्या बुरुजाला जोडलेले असते. चाक किती सरळ उभे राहायचे, हे त्यामुळे तीन गोष्टींवर ठरते: वरचा बुरुज, चाकाला खालून धरणारा आडवा हात म्हणजे लोअर आर्म, आणि तो आर्म गाडीखालच्या ज्या चौकटीला, म्हणजे सबफ्रेमला, धरलेला आहे ती जागा. चोर्ला घाटातल्या वळणावर बाहेरच्या चाकावर भार आला की तो खांब आपल्या बुरुजाला आत ढकलतो. बुरुजाची ही हालचाल मिलिमीटरच्या हिशेबात मोजावी अशी बारीक असते, पण तेवढ्यानेही चाकाचा कल किंचित बदलतो आणि स्टिअरिंगचा प्रतिसाद अर्ध्या क्षणाने उशिरा आल्यासारखा वाटतो.

बाजारात मिळणाऱ्या ब्रेस याच बिंदूंच्या हिशेबाने ओळखाव्यात. बॉनेटखालून दोन बुरुज जोडतो तो स्ट्रट बार. गाडीखालून लोअर आर्मच्या डाव्या-उजव्या जागा जोडते ती पुढची खालची ब्रेस. मधल्या फरशीखाली सायलेन्सरच्या बोगद्याच्या दोन कडा जोडते ती मधली ब्रेस. मागच्या अॅक्सलचे हात कायेला जिथे अडकवलेले असतात त्या दोन जागा जोडते ती मागची खालची, आणि डिकीत मागच्या शॉकअपच्या माथ्यांना जोडतो तो मागचा बार. फेंडरच्या आत बसणारीही एक ब्रेस असते; पण तिच्यासाठी फेंडर किंवा आतले प्लॅस्टिक अस्तर उतरवावे लागते, म्हणून ती घरच्या कामातून सोडून द्यावी.

सर्वांत जास्त खपतो तो स्ट्रट बार, कारण बॉनेट उघडले की तो दिसतो. माझ्या मते छोट्या गाडीत त्याचा उपयोग बहुधा सर्वांत कमी असतो, कारण बुरुजांच्या मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि माणसे यांच्यामधली पत्र्याची भिंत, अगदी जवळ असते आणि तिने त्यांना बरेच धरून ठेवलेले असते. शिवाय इंजिन चुकवण्यासाठी पुष्कळ बार मधोमध वर वाकवलेले असतात. २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, २ मिलिमीटर जाडी आणि १ मीटर लांबी असलेली पोलादी नळी सरळ असेल, तर ती १ मिलिमीटरने दाबायला सुमारे २,९०० किलो वजनाइतके बळ लागेल. तीच नळी मध्यभागी ४० मिलिमीटर वर वाकवली, तर तेवढ्याच दाबाला सुमारे ३३० किलो पुरतात. म्हणजे ताठपणा नवव्या हिश्श्यावर आला, कारण सरळ दांडा दाबावा लागतो आणि वाकडा दांडा धनुष्यासारखा नुसता अधिक वाकतो. टोकांचे जोड सैल असतील तर त्यात आणखी घट होते. ॲल्युमिनियमचा बार हलका असतो हे खरे, पण त्या धातूचा अंगचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असतो. म्हणून तो तेवढाच जाड असेल तर उपयोग कमी, आणि रंगीत असेल तर किंमत जास्त.

खालच्या पुढच्या ब्रेसची गोष्ट निराळी. लोअर आर्म ज्या जागी धरलेला असतो तिथे चाकाचा आडवा जोर थेट येतो, ब्रेस बहुधा सरळ असते आणि ती जमिनीला समांतर राहते. एकच ब्रेस घ्यायची असेल तर मी हीच घेईन. तिचा तोटा असा, की ती जमिनीपासूनची उंची खाते. आपल्या छोट्या गाड्यांना ही उंची साधारण १६५ ते १७० मिलिमीटर असते, आणि खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्याच्या वेशीवर रातोरात उभा राहिलेला गतिरोधक त्यातला प्रत्येक मिलिमीटर मागून घेतो.

एका वस्तूपासून सावध राहावे. मागच्या अॅक्सलच्या दोन हातांना जोडणारा दांडाही काही विक्रेते ब्रेस म्हणून विकतात. तो ब्रेस नव्हे, अँटी-रोल बार आहे. ब्रेसची दोन्ही टोके कायेवर असतात. या दांड्याची टोके हलणाऱ्या भागांवर असतात आणि गाडी कलली की तो पिळला जाऊन कल रोखतो. त्यामुळे कल रोखण्यातला मागच्या चाकांचा वाटा वाढतो आणि वळणावर गाडीची शेपटी अधिक लवकर सुटू शकते. कोरड्या रस्त्यावर हे एखाद्याला आवडेल. जुलैमध्ये धुक्यात कणकुंबी उतरताना ते कळणे बरे नव्हे.

विकत घेण्यापूर्वी गाडीची परीक्षा करावी, आणि ती काही न उलगडता करता येते. सपाट जागी गाडी चार चाकांवर उभी करून डिकी उघडावी. डिकीच्या चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट असे दोन शिवणाचे दोरे कर्णावर ताणून चिकटपट्टीने पक्के करावेत. मग हँडब्रेक ओढून, पुढच्या चाकांना लाकडी पाचर लावून, कंपनीने दाखवलेल्या जागी जॅक लावून मागचे एकच चाक जमिनीवरून जेमतेम सुटेपर्यंत उचलावे. गाडीखाली कोणीही हात घालू नये; इथे फक्त बघायचे आहे. एक दोरा ढिला पडला आणि दुसरा तणाणला, तर चौकोन तिरका होतो आहे, आणि किती, हे बोटाने दोरा दाबून कळते. दोन्ही दोरे जसेच्या तसे राहिले, तर डिकीतल्या बारावर पैसे घालण्याचे कारण नाही. पुढच्या बाजूला हीच परीक्षा दरवाजाने होते: पुढचे एक चाक उचललेले असताना त्या बाजूचा दरवाजा हलकेच लावून पाहावा. तो कुलपाच्या खुंटीला वर किंवा खाली घासत असेल तर काया पिळली जात आहे. फार जुन्या गाडीत दरवाजा बसतच नाही, आणि मग उंबऱ्याखालचा पत्रा गंजून गेला आहे का हे आधी पाहावे. गंजलेल्या पत्र्याला ब्रेस लावणे म्हणजे कुजलेल्या चौकटीला नवी कडी लावण्यासारखे आहे.

आणि त्याही आधी रबर. लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी गोल), स्ट्रटच्या माथ्यावरची बेअरिंग आणि माउंटिंग, अँटी-रोल बारच्या लिंक, टायरमधील हवा. गाडी ढिली लागते अशी तक्रार असलेल्या गाड्यांत दोष बहुतेक वेळा इथेच असतो. टिळकवाडीचे दुसरे रेल्वे गेट ओलांडताना गाडी थोडी तिरकी गेली की जो खडखडाट येतो तो पत्र्याचा आहे की फाटलेल्या बुशचा, हे मिस्त्रीला पहारीने आर्म हलवून एका मिनिटात सांगता येते. फाटलेले बुश ठेवून कायेला ताठ केले, तर हालचाल कमी न होता सगळी त्या बुशमध्येच जमा होते.

आता बसवण्याकडे वळू. बोल्ट मोजके असतात आणि हत्यारेही साधी: गोट्यांचा सेट, रिंग पाने, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल. यांतील टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला हे दाखवणारा पाना, उसना आणला तरी चालेल, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नये. मात्र हे काम बोल्टांपेक्षा गाडी कशी उभी आहे यावर अधिक ठरते, आणि हे मी चूक करून शिकलो.

माझ्या दहा वर्षे जुन्या हॅचबॅकला खालची ब्रेस लावताना मी डावी बाजू जॅकने उचलली, खाली स्टँड लावला, डावीकडचे बोल्ट पुरते आवळले, मग उजवी बाजू तशीच उचलून उजवीकडचे बोल्ट बसवले. उजवीकडे भोक अर्धा बोल्टभर सरकलेले होते; मी ब्रेस पेचकसने ओढून बोल्ट रेटला आणि स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक गतिरोधकावर डाव्या पायापाशी टक असा एकच कोरडा आवाज येऊ लागला. ब्रेसची भोके चुकली असावीत असे धरून मी ती काढून उद्यमबागेत एका लेथवाल्याकडे नेली. त्याने ती सपाट फरशीवर ठेवली, भोकांची मापे घेतली आणि मला परत दिली. "बार सरळच हाय की," तो म्हणाला, "गाडी वाकडी उभी हाय बघा." एक बाजू उचललेली असताना काया पिळलेली होती, आणि मी तिला त्या पिळलेल्या आकारातच बोल्टांनी पकडून ठेवले होते. गाडी खाली आली, काया आपल्या मूळ आकाराकडे जाऊ लागली, ब्रेस तिला जाऊ देईना, आणि प्रत्येक धक्क्याला बोल्टाखालची पट्टी थोडी घसरून टक वाजे. तीच ब्रेस चारही चाके सपाट असताना पुन्हा बसवली. भोके बोटाने बोल्ट सरकावा इतकी जुळली आणि आवाज थांबला.

नियम हाच: शेवटचा आवळ देताना गाडीचा भार चारही चाकांवर, सारखा आणि सपाट जागी असावा. वरच्या बारासाठी हे सोपे आहे, कारण गाडी उचलावीच लागत नाही. खालच्या ब्रेससाठी पुढच्या दोन्ही चाकांखाली एकसारखे रॅम्प घ्यावेत. त्यात सस्पेन्शन दबलेलेच राहते आणि दोन्ही बाजू सारख्या असतात. आपल्या भागात अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि गाडी टेकवायला तेच हाताशी येतात. ते कधीही वापरू नयेत. जांभा वरून भक्कम दिसतो, पण भार एका कडेवर आला की पूर्वसूचना न देता फुटतो, आणि तेव्हा त्याच्याखाली माणूस असतो. तांबड्या मातीच्या अंगणात जॅक किंवा स्टँड रुतू नये म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा घ्यावा. पावसाळ्यात ओल्या मातीवर हे काम करूच नये.

वरचा बार बसवताना एकच गोष्ट जिवाशी येते. बुरुजाच्या मधोमध जो मोठा नट दिसतो तो कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. त्याच्याखाली दाबून ठेवलेली स्प्रिंग असते. भोवतालचे दोन किंवा तीन छोटे नट तेवढे आपले. काही गाड्यांत हे छोटे नट नसतातच आणि मधला एकच नट सगळे धरून ठेवतो. तशा गाडीचा बार घरी बसवू नये. छोटे नट सोडतानाही एका वेळी एकाच बाजूचे सोडावेत आणि त्या वेळी चाक जमिनीवर असावे, म्हणजे गाडीच्या वजनाने खांब जागचा हलत नाही. बुरुजाचा माथा ब्रशने स्वच्छ करून पट्टी बसवावी आणि मग पाहावे की पट्टीच्या जाडीने स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या खुंटीचे, आटे किती खाल्ले. नट पूर्ण बसल्यावर त्याच्यावर किमान दोन आटे दिसायला हवेत. दिसत नसतील तर तो बार त्या गाडीसाठी नाही, कितीही जुळत असला तरी. नट नायलॉनच्या कड्याचे असतील तर नवे घ्यावेत, कारण एकदा उघडलेल्या नटाची पकड आधीसारखी राहत नाही.

दोन्ही पट्ट्या बोटाने बसल्या की मधला दांडा लावावा. लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा असेल तर तो फिरवून फक्त सैलपणा जाईपर्यंत आणावा. त्याने बुरुज बाहेर रेटण्याचा प्रयत्न करू नये. मग डावे-उजवे असे आलटून-पालटून आवळत जावे. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतला आकडा हाच खरा. तो हाताशी नसेल तर ८.८ असा शिक्का असलेल्या बोल्टासाठी सर्वसाधारण अंदाज म्हणून एम ८ (८ मिलिमीटर जाड) ला २५, एम १० ला ५० आणि एम १२ ला ८५ न्यूटन-मीटरच्या आसपासचे आकडे लक्षात ठेवावेत. बुरुजाचे छोटे स्टड पत्र्यात दाबून बसवलेले असतात आणि जास्त आवळले की आत फिरू लागतात, म्हणून इथे हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

बॉनेट लावण्याआधी बारावर दोन-तीन ठिकाणी कणकेचे सुपारीएवढे गोळे ठेवावेत, बॉनेट हलकेच मिटावे आणि उघडून पाहावे. गोळा पापडासारखा झाला असेल तर बॉनेट बाराला लागते आहे. निदान बोटभर जागा तरी हवी. एखादा पादचारी बॉनेटवर आदळला तर पत्र्याला खाली दबायला मोकळी जागा लागते, आणि बार ती जागा अडवतो हेही लक्षात ठेवावे. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून बार लांब आहे ना, आणि इंजिन चालू-बंद होताना झुलून त्याला लागत नाही ना, हे दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगून उभ्या उभ्या पाहावे.

खालच्या ब्रेसला बहुधा कंपनीचेच बोल्ट वापरतात. एका वेळी एकच बोल्ट काढावा आणि त्याच्या जागी ब्रेससकट तो परत हाताने लावूनच दुसऱ्याकडे जावे. आर्मचे दोन्ही बोल्ट एकदम सुटले तर आर्म सरकतो आणि मग तो जागेवर आणायला दुपार जाते. ब्रेसच्या जाडीमुळे बोल्ट आखूड पडत असेल तर त्याच दर्जाचा, त्याच आट्यांचा, पण ब्रेसच्या जाडीएवढा अधिक लांब बोल्ट आणावा. ज्या बोल्टावर आर्म बिजागरीसारखा फिरतो तो बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळला, तर रबरी बुश त्याच स्थितीत जखडला जातो. गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. भार चाकांवर असताना आवळण्याचे हे दुसरे कारण. ब्रेस आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यात बोटभर अंतर राहील आणि ऑइल सोडण्याचा बोल्ट झाकला जाणार नाही, हेही पाहावे.

भोक पाडणे आणि वेल्डिंग करणे यांच्या वाटेला जाऊ नये. नव्या गाड्यांतले काही भाग अशा पोलादाचे असतात की वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांची मूळ ताकद जाते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफारांवर बंधन घालते. बोल्टने बसणारी आणि बोल्ट सोडून निघणारी ब्रेस ही सौम्य गोष्ट आहे, पण तिचीही कल्पना विमा कंपनीला लेखी द्यावी आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारावे.

काम झाल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत आणि प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. बुरुजाचे नट सोडलेले असतील तर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी, कारण त्या भोकांत थोडा सैलपणा असतो आणि खांब तेवढा सरकू शकतो.

फरक पडला का, हे ठरवणे सर्वांत अवघड. पैसे खर्चून आणि हात काळे करून बसवलेली वस्तू कामाची वाटतेच. मी भाच्याला सांगून ठेवले होते, की त्याने स्ट्रट बारचा मधला दांडा कधी लावावा, कधी काढावा आणि मला काही सांगू नये. मी तोच जांबोटी रस्ता, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, सहा वेळा चालवला आणि तीन वेळा चुकलो. म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. बार आता माळ्यावर आहे. खालच्या ब्रेसचा फरक मात्र जाणवला, आणि तोही वळणावर नव्हे: खड्ड्यातून एकच चाक गेल्यावर स्टिअरिंगला जो थरकाप येई तो कमी झाला. त्याच्या बदल्यात बारीक खडीचा खरखराट आत अधिक ऐकू येतो, कारण ताठ काया धक्का जिरवत नाही, पुढे पोहोचवते.

पावसाळा संपला की ब्रेसवरचा तांबडा चिखल धुऊन, बोल्टांच्या उघड्या आट्यांना तेल लावावे. ॲल्युमिनियमची ब्रेस पोलादावर बसवलेली असेल तर दोन्हींच्या मधला थर, मग तो रंगाचा असो वा प्लॅस्टिकचा, शाबूत आहे ना ते पाहावे. ओल राहिली की दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते. आणि गाडी सर्व्हिसिंगला दिली की तिथल्या मुलाला खाली वाकून ब्रेस दाखवावी आणि हिच्याखाली जॅक लावायचा नाही, असे सांगूनच चावी द्यावी.